पितळेच्या जिल्ह्यात सोड्याचा निवाडा

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. घागरी, गुंड, गंज, पराती घडवणाऱ्या हातांनी या गावाला हे नाव मिळवून दिलं. पुढे स्टील आलं, त्यामागून प्लास्टिक आलं आणि ठोक्यांचा आवाज कमी झाला. तरी दिवाळी जवळ आली की माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतातच. हल्ली मात्र भांड्यांबरोबर मोबाइलवरचा सल्लाही येतो. खायचा सोडा घ्या, वर लिंबू पिळा, फेस आला की चोळा. पितळ सोन्यासारखं होईल.

फेस येतो हे खरं. पितळ चमकतं हेही बऱ्याचदा खरं. पण चमक फेसामुळे येत नाही, फेसाला न जुमानता येते.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवेत राहून तांब्याची ऑक्साइडं पृष्ठभागावर धरतात, तोच तो काळपट थर. तो विरघळवायला आम्ल लागतं: लिंबातलं सायट्रिक किंवा चिंचेतलं टार्टारिक. सोडा त्याच्या अगदी उलट गुणाचा, सौम्य अल्क. दोघं एकत्र आले की आधी एकमेकांनाच संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे पाणी आणि एक निरुपद्रवी क्षार राहतो. म्हणजे फेस हा सफाईचा पुरावा नव्हे. सफाई करणारं लिंबू फुकट गेल्याची ती खूण आहे. भांडं उजळतं ते उरलेल्या लिंबामुळे आणि घासणारीच्या मनगटामुळे.

आजीच्या पिढीला हे रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण तिची रीत बिनचूक होती. आधी चिंच आणि मीठ, मग पाणी, मग चुलीतली चाळलेली राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे तीही अल्कच. ती तेलकटपणा काढते आणि उरलेल्या आंबटाचा अंमल थांबवते. चिंच आणि राख एकाच वाटीत कालवण्याचा उद्योग कुणी केला नाही. गॅसच्या शेगडीने घरातली राख नेली. तिची जागा सोड्याने घ्यायला हरकत नाही, पण ती जागा चिंचेनंतरची आहे, चिंचेसोबतची नाही.

या कामी सोडा राखेपेक्षा बराही ठरतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्‌स मापावर सोडा सुमारे अडीचवर येतो, पितळ तीन ते चारच्या दरम्यान. त्यामुळे पितळेवर चरे पडत नाहीत. भांड्याच्या आतली कल्हई मात्र कथिलाची, आणि कथिल दीडच्या आसपास. बाहेरून सोड्याने खुशाल घासावं. आत कोरडा सोडा चोळला की कल्हईवाल्याला बोलावण्याचा दिवस जवळ येतो. ‘सोड्याने काहीच खरचटत नाही’ हे विधान म्हणून अर्धंच खरं.

सोड्याभोवती दोन पंथ जमले आहेत आणि दोन्ही सारखेच भाबडे आहेत. एकाला तो नैसर्गिक, म्हणून सर्वगुणसंपन्न वाटतो. दुसऱ्याला तो ‘केमिकल’ म्हणून विष वाटतो. नैसर्गिक म्हणावा तर बाजारातला बहुतेक सोडा कारखान्यातच तयार होतो. गुजरातेतल्या मिठापूरला 1939 साली टाटा केमिकल्स उभी राहिली, ती समुद्राच्या मिठापासून सोडा काढण्यासाठी. मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरण्याची मूळ कृती बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्व्हे याने 1860च्या दशकात बसवली. आणि केमिकल म्हणून घाबरावं, तर हेच बायकार्बोनेट माणसाच्या रक्तात अहोरात्र आम्लता सांभाळत फिरत असतं. पदार्थ कुठून आला याने काहीच ठरत नाही. समोरची घाण कसली आहे, हा खरा प्रश्न.

माशांचंच बघा. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि मधून वाहणारी वैनगंगा. इथल्या घरांत मासळीचं काय अप्रूप! मासळीनंतर हाताचा आणि भांड्यांचा वास जायला सोडा लावा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण मासळीच्या हिवळ वासाला ट्रायमेथिलअमाइन हे द्रव्य कारण असतं, आणि ते स्वतःच अल्क आहे. अल्काला अल्क लावून काय साधणार? गोड्या पाण्यातल्या माशाला जो चिखलाचा वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि तेही आंबटानेच मोडतं. म्हणून लिंबू हवं, चिंच हवी. मासळीच्या रश्श्यात चिंचेचा कोळ पडतो तो नुसता चवीसाठी नाही.

उलट नासलेल्या दुधाचा, आंबलेल्या डब्याचा, थर्मासचा वास आम्लांचा असतो. तिथे सोडा आपलं काम चोख करतो. चमचाभर सोडा, कोमट पाणी, रात्रभर भिजवणं, एवढंच. मात्र फ्रिजमध्ये सोड्याचं खोकं उघडून ठेवलं की सगळे वास ओढून घेतले जातात, हा समज स्वयंपाकघरात जन्मलेला नाही. 1846 पासून सोडा विकणाऱ्या अमेरिकेतल्या एका घराण्याच्या कंपनीने, ‘आर्म अँड हॅमर’वाल्यांनी, 1972 साली ही कल्पना जाहिरातीतून पसरवली. घरी भाजणं कमी झालं होतं, सोडा खपत नव्हता. त्याला नवं काम शोधून दिलं गेलं. पुढे त्यांनीच लोकांना शिकवलं की जुनं खोकं मोरीत ओता आणि नवं आणा. धंद्याची हुशारी म्हणून दाद द्यावी. पण चिंचोळ्या तोंडाच्या खोक्यातला सोडा हवेला लागतो किती? वास कमी करायचाच असेल तर तो पसरट ताटलीत ठेवावा, आणि त्याआधी नासलेली भाजी बाहेर काढावी.

मोरी तुंबली की सोडा आणि व्हिनेगर ओतण्याचा प्रयोग याच जातीचा. फेस उसळतो, बघणाऱ्याला समाधान मिळतं आणि केसांचा गुंता होता तिथेच राहतो. उघड्या नळीत वायूला दाब धरता येत नाही. तो वरच्या वर निघून जातो. मागून ओतलेलं गरम पाणी थोडं तूप-तेल सैल करतं, एवढाच लाभ.

आता मंडनाकडे वळायला हवं, कारण सोड्याचे खरे गुण या तमाशात झाकले जातात.

करपलेलं पातेलं हे त्याचं खरं रणांगण. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन दोन चमचे सोडा टाकून उकळलं की तळाची खरपुडी सैल होते. उकळताना सोड्यातला काही कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो. द्रावण चांगलंच जहाल होतं, आणि करपलेल्या तेलाचा साबण होऊ लागतो. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात मात्र हाच प्रयोग केला तर भांडं काळं पडतं.

दुसरं काम चांदीचं. काळवंडलेले पैंजण आणि जोडवी अॅल्युमिनियमच्या कागदावर ठेवायची, वर कडकडीत पाणी आणि चमचाभर सोडा. थोड्या वेळाने काळेपणा जातो. हा फेसाचा खेळ नाही, ही खरी विद्युत-रसायनाची क्रिया आहे. चांदीवरचा काळा थर चांदी आणि गंधकाचा असतो. गंधक अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. पूड लावून घासताना चांदी झिजते, इथे झिजत नाही. मुद्दाम काळी केलेली नक्षी आणि खडे बसवलेले दागिने मात्र यापासून दूर ठेवावेत.

तिसरं काम भाज्या धुण्याचं, आणि इथे सोड्याच्या बाजूने प्रयोगशाळेची साक्ष आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली सफरचंदांवर दोन कीटकनाशकं लावून पाहिली. लिटरमागे 10 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चमचे सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरचं औषध नुसत्या पाण्यापेक्षा आणि क्लोरिनच्या पाण्यापेक्षा चांगलं निघालं. पण त्याच अभ्यासात एका औषधाचा सुमारे 20 टक्के भाग सालीतून आत मुरलेला आढळला. तिथे सोडा पोचत नाही. शिवाय प्रयोग सफरचंदावरचा होता. वांगी आणि टोमॅटोला सोड्याचं पाणी लावायला काहीच हरकत नाही. पंधरा मिनिटं भिजवलं म्हणजे फवारणीचा हिशेब चुकता झाला, असं समजू नये.

कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, गोष्ट या जिल्ह्यात वगळताच येणार नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवण्याचं काम पूर्व विदर्भात ढिवर समाजाने केलं. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तुतीच्या रेशमाचा कोश गरम पाण्यात मऊ होतो. टसरचा कोश टणक, त्याला जोडणारा चिकट पदार्थ नुसत्या पाण्याला दाद देत नाही. म्हणून सोडा घातलेल्या पाण्यात तो उकळतात. कारागीर मात्रा आणि वेळ अनुभवाने सांभाळतो, कारण अल्क जास्त झाला की धाग्याची ताकदच जाते. तीच कोशाची साडी घरी आणून ‘डाग जाईल’ म्हणून गरम सोड्याच्या बादलीत बुडवणं म्हणजे विणकराने जिथे हात आवरला तिथून पुढे जाणं. सुती धोतर, चादरी, लहानग्यांच्या दुपट्यांना सोडा चालतो. रेशमाला आणि लोकरीला नको.

हळदीच्या डागाचाही असाच घोळ. हळद अल्कात लाल होते. सोडा लावला की डाग जाण्याऐवजी तांबडा होऊन घरच्यांना दचकवतो. मग उन्हात वाळवल्यावर फिका पडतो, तो उन्हामुळे. हाच गुण स्वयंपाकात मात्र उपयोगी आहे. ढोकळ्यात तांबडे ठिपके दिसले की सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही, हे न चाखताच कळतं. लाखोळीच्या डाळीच्या वड्यात, भज्यात चिमूटभर सोड्याने हलकेपणा येतो. चिमटीचा चमचा झाला की वडा तेल पितो आणि तोंडात साबणाची चव उरते. तुरीची डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकण्याची सवय गॅस वाचवते, पण अल्कात उकळताना थायमिन हे बी गटातलं जीवनसत्त्व नष्ट होतं. डाळ आदल्या रात्री भिजत घातली तर दोन्ही वाचतात.

अंगाला लावण्याच्या उपायांत भक्तांचा उत्साह सगळ्यात धोकादायक. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू साधारण पाचच्या आसपास. सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर. चेहऱ्याला सोडा-लिंबू चोळून जो उजळपणा दिसतो, तो खरवडलेल्या वरच्या थराचा. मग आग होते, कोरडेपणा येतो आणि मुरुमांना मोकळं रान मिळतं. केसांसाठीही सोड्यापेक्षा शिकेकाई सरस, कारण ती स्वतः किंचित आंबट असते.

दातांची बाजू वेगळी आहे. दंतमंजनाची घर्षणक्षमता मोजण्याच्या मापावर सोडा अगदी तळाला येतो; म्हणून कित्येक टूथपेस्टमध्ये तो घालतात आणि वरवरचे डाग त्याने निघतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे हा प्रश्न बहुधा खर्ऱ्यामुळे येतो. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला हा प्रकार दात रंगवतो. महाराष्ट्राने 2012 साली गुटखा बंद केला. खर्रा पानठेल्यावर घोटला जातच राहिला. सोड्याने दात पांढरे होतील. तोंड उघडेनासं होणं, आतली चामडी ताठ होणं, पांढरा चट्टा येणं, यांवर सोडा काहीही करत नाही, आणि स्वच्छ दिसणाऱ्या दातांमुळे दवाखाना पुढे ढकलला जातो. त्यापेक्षा डाग बरे, निदान ते काही सांगतात तरी.

पोटात जळजळ झाली की पाण्यातून अर्धा चमचा सोडा घेण्याची रीत जुनी आहे आणि ती खोटी नाही. जठरातलं आम्ल त्याने खरोखर शमतं. बाजारातल्या फसफसणाऱ्या पुड्यांतही मुख्य घटक हाच. पण एका चमचाभर सोड्यात सुमारे 1250 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला सांगितलेली मर्यादा 2000 मिलिग्रॅम. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने हा उपाय डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. जळजळ रोजची असेल, किंवा छातीतली कळ हातात उतरत असेल, तर सोड्याच्या डब्याकडे पाहूच नये. कॅन्सरवर सोडा हा दावा तर सरळ फेटाळावा. इटलीत तो करणाऱ्या तुलिओ सिमोन्चिनी या डॉक्टरचं नाव 2003 साली वैद्यकांच्या यादीतून काढलं गेलं आणि रुग्णांच्या मृत्यूबद्दल त्याला न्यायालयाने दोषी ठरवलं.

शेवटी एक घरगुती विनंती. खायचा सोडा, बेकिंग पावडर आणि धुण्याचा सोडा पांढऱ्या पुड्यांत सारखेच दिसतात, आणि बहुतेक घरांत ते नाव नसलेल्या जुन्या बरण्यांत शेजारी शेजारी बसलेले असतात. धुण्याचा सोडा पोटात गेला तर घसा आणि अन्ननलिका पोळते. मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा तर त्याहून कितीतरी भयंकर. आजच बरण्यांवर नावं चिकटवावीत आणि धुण्याचा व कॉस्टिक सोडा स्वयंपाकघरातून हलवून मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावा.