गॉगल आतून पुसू नका

काच पुसली की धुकं जातं, असं मला गेल्या जानेवारीपर्यंत वाटत होतं. तेव्हा आमची तुकडी गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेली होती. स्की खांद्यावर घेऊन चढ चढायचा आणि घसरत खाली यायचं. चढताना घाम यायचा आणि गॉगल आतून पांढरा व्हायचा. मी तो टोपीवर सरकवायचो, हातमोज्याने खसाखसा पुसून परत लावायचो. पाच मिनिटांत पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वैतागून तो खिशात टाकला. आभाळ ढगाळ होतं, म्हटलं काय होणार आहे?

रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. पाणी थांबेना. पुढचा दीड दिवस मी पडदे लावलेल्या खोलीत काढला आणि बाकीचे वरच्या उतारावर गेले. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आणि उंची 1000 मीटरने वाढली की हे किरण 10 ते 12 टक्क्यांनी वाढतात. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर आहे. ढगांतूनही हे किरण येतात, हे मला नंतर कळलं.

उन्हाळी सुट्टीत रायपूरला पुरानी बस्तीतल्या घरी आलो. आजी भात बघत होती. तिने झाकण आधी पलीकडच्या बाजूने उचललं, वाफ जाऊ दिली आणि मगच वाकली. मी विचारलं, तर म्हणाली, "अरे, चष्मा किती वेळा पुसू? वाफेलाच वाट करून द्यायची." आम्हाला कुणी हे एवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

30 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरते, 0 अंशांची जेमतेम 5. चेहऱ्याजवळची उबदार, ओलसर हवा गार काचेला लागली की जास्तीचं पाणी काचेवर बसतं. पावसाळ्यात एसीतून बाहेर आल्यावर चष्म्याचं होतं तेच. फरक एवढाच की तिथे ओलावा बाहेरच्या हवेतला असतो, बर्फात आपलाच.

मित्र म्हणतो, महाग गॉगल घे, प्रश्न मिटला. मला पटत नाही. दोन काचांमध्ये हवा कोंडलेला आणि हवा जाण्यासाठी फोम बसवलेला गॉगल 1960 च्या दशकात बॉब स्मिथ नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने बनवला. (दातांच्या डॉक्टरने!) माझा गॉगलही दुहेरी काचेचाच होता. पण वरची छिद्रं मी टोपीखाली दाबली होती, नाकावर ओढलेल्या मफलरमधून श्वास थेट वर जात होता आणि कपाळावर ठेवल्यावर डोक्याचा घाम आत शिरत होता. आतल्या बाजूचा धुकं न धरणारा थर ओला असताना मऊ असतो. तो तर मी स्वतःच्या हाताने घासून काढला. कुणी टूथपेस्ट लावायला सांगितलं तर ऐकू नका, प्लास्टिकवर ओरखडे पडतात. बर्फ आत गेला तर झटकायचा, मऊ कापडाने फक्त टिपायचं आणि रात्री खोलीत उघडा वाळवायचा, हीटरवर नाही.

पण मुख्य गोष्ट घामाची आहे. चढायला लागण्याआधीच जॅकेटची चेन उघडायला हवी, सुरुवातीला थोडी थंडी वाजली तरी चालेल. आणि इथेच आपली सवय आड येते. मध्येच थांबून चेन उघडणारा, गॉगल टिपणारा कॅडेट आपल्यात 'ढिला' ठरतो. मीही त्याच भीतीने थांबलो नाही. सामानाच्या यादीत 'गॉगल – 1' एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी निघण्याआधी अर्धा तास उस्तादांनी तो कसा वापरायचा ते दाखवावं, आणि चढावर दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांनाच थांबण्याचा हुकूम असावा. हुकूम असला की कुणी ढिला ठरत नाही.

माझा ओरखडे पडलेला गॉगल हॉस्टेलच्या कपाटात आहे. या हिवाळ्यात जाणाऱ्या ज्युनिअर्सनी बघायला मागून न्यावा. वापरायला नको.