लोकर, चिंचोके आणि धावदोरा

मागच्या डिसेंबरात सौंसरला गेले तेव्हा माझ्या पिशवीत लोकरीचा एक फसलेला तुकडा होता. फसलेली वस्तू घेऊन कुणी प्रवासाला निघत नाही हे मला मान्य आहे. पण माझी कॉलेजातली मैत्रीण लग्न होऊन तिकडे गेलेली, आणि तिच्या सासूबाईंच्या गोधड्यांविषयी मी वर्षानुवर्षं ऐकत आलेली. म्हटलं, बघू तरी काकू काय म्हणतात.

गोव्यातल्या वाचकाला सौंसर कुठे हे सांगावं लागेल. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेश सुरू होतो. पाट्या हिंदीत होतात, बोलणं मात्र मराठीच राहतं. पांढुर्णा आणि सौंसर हा सगळा संत्र्यांचा, कापसाचा आणि वऱ्हाडी वळणाच्या मराठीचा मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत जगायचं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्यामुळे तिथे गेल्यावर मला परकं असं वाटलंच नाही.

याच रस्त्यावर सौंसर तालुक्यात बोरगावला रेमंडचा मोठा लोकरी कापडाचा कारखाना आहे, १९९१ सालचा. सुटाच्या तलम कापडाला लागणारी मेरिनो लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते. गाडीतून कारखान्याकडे बघताना मी मांडीवरच्या पिशवीला हात लावला आणि मला हसू आलं. आत होती ती आपल्या दख्खनी मेंढीची लोकर, जी आज घ्यायला कुणी तयार नाही.

आता त्या तुकड्याची गोष्ट. पावसाळ्यात मी ओल्या फेल्टचे प्रयोग सुरू केले होते. फेल्ट म्हणजे नमदा, बुरणूस. आमच्या आजीच्या तोंडी बुरणूस हा शब्द असायचा, जाड, दडस लोकरी अंथरुणासाठी. यात सूत कातायचं नाही, माग नाही, उभा-आडवा धागा नाही. पिंजलेली लोकर पातळ थरांत पसरायची, एक थर उभा, दुसरा आडवा. वर साबणाचं कोमट पाणी शिंपडायचं, हलक्या हाताने चोळायचं, मग चटईत गुंडाळून लाटत राहायचं. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. ऊब, पाणी आणि साबण मिळाला की तंतू सरकायला लागतात. पण खवल्यांमुळे ते एकाच दिशेने सरकतात, मागे फिरत नाहीत. असे हजारो तंतू एकमेकांत अडकले की कापड तयार होतं. सुरीच्या उलट्या धारेने इसवणाची खवलं काढणाऱ्या गोंयकाराला हे तत्त्व लगेच कळावं!

पहिला प्रयोग ऑनलाइन मागवलेल्या मेरिनोचा. तास-दीड तासात सुंदर, मऊ, घट्ट तुकडा तयार झाला. मूळच्या मापाहून जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने आटला. मी खूश. मग वाटलं, मेंढ्या तर आपल्याकडेही आहेत. कोल्हापूरकडून ओळखीतून पिशवीभर काळी दख्खनी लोकर आणवली. ती आधी तीनदा धुवावी लागली. श्रावणातल्या पावसात ती चार दिवस वाळेना आणि घरभर मेंढरांचा वास भरून राहिला. घरच्यांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आणि एवढं करून फेल्ट? दोन तास लाटूनही थर सैलच. केस सुटून हाताला येत होते. मेरिनोचा तंतू साधारण वीस मायक्रॉनचा. दख्खनी लोकर त्याहून बरीच जाड, अर्धी केसाळ, शिवाय जाड तंतूवरचे खवले चापट, त्यामुळे पकड कमी. ‘आपली लोकर या कामाची नाही’ असा निकाल देऊन मी तो तुकडा कपाटात टाकला होता.

काकूंनी तो हातात घेतला, उलटापालटा केला, ओढून पाहिला.

‘‘काहून टाकतं बाई याले? टाके टाकले नाहीत तं धरन कसं?’’

एवढंच बोलून त्या आत गेल्या आणि जुन्या मलमली लुगड्याचा विरलेला तुकडा घेऊन आल्या. तो लोकरीवर पसरला आणि गोधडीला घालतात तसा साधा धावदोरा घालायला बसल्या. कडेने सुरुवात, मग आत, आत, चौकटीत चौकट. मी दुसऱ्या टोकाकडून शिवत आले. माझा टाका वाकडा जाई तेव्हा त्या उसवायला लावत नव्हत्या. ‘‘राहू दे, तुही ओळख राह्यली त्याच्यात,’’ म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात उन्हात बसून तो शिवलेला तुकडा आम्ही पुन्हा भिजवला. गरम पाणी, साबण, चटई आणि पायांनी लाटणं. आणि मग जे झालं ते मी कुठल्या व्हिडिओत पाहिलं नव्हतं. टाक्यांनी दाबून धरल्यामुळे थर हलायचे थांबले आणि तंतूंना एकमेकांत शिरायला उसंत मिळाली. काही तंतू मलमलीच्या विरळ विणीतून वर आले. लोकर आटली, पण सुती लुगडं आणि दोरा काही आटले नाहीत. मग त्यांनी जायचं कुठे? ते वर उचलले गेले. दोन टाक्यांच्या ओळींमध्ये नांगरटीसारखे उंचवटे उठले. गुळगुळीत मेरिनोवर मी जो पोत मुद्दाम आणायला धडपडत होते, तो इथे आपोआप आला होता.

मग हुरूप आला. दुसऱ्या तुकड्यात अर्धवट जमलेल्या लोकरीखाली चिंचोके ठेवून एकेक दोऱ्याने आवळून बांधला, बांधणीला बांधतात तसा. लाटून, धुऊन, पूर्ण वाळल्यावर दोरे सोडले. चिंचोके निघाले, टेंगळं तशीच राहिली. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. लोकर आणि चिंचोका यांची ओळख अशी फार जुनी आहे. मी फक्त त्यांची नव्याने गाठ घातली.

आता मूळ मुद्दा. इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून आपण ‘फेल्टिंग’ ही परदेशी हौस समजून बसलो आहोत. प्रत्यक्षात कोल्हापूर-सांगलीकडे आणि उत्तर कर्नाटकात पिंजारी समाजातले कारागीर याच दख्खनी लोकरीचं ‘जेन’ करत आले, न विणलेलं लोकरी अंथरूण. कच्छात मुंद्र्याला आणि राजस्थानात टोंकला नमदे होतात, काश्मिरात तर होतातच. आणि फेल्टला टाका घालण्याचं म्हणाल तर किरगिझस्तानचे ‘शिरडक’ गालिचे फेल्टचे तुकडे शिवून, वर गोधडीसारखे टाके घालूनच करतात. २०१२ साली युनेस्कोने त्यांची नोंद तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत केली. म्हणजे काकू जे करत होत्या ते जगाच्या दुसऱ्या टोकाला मेंढपाळांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या. ‘लोकर या कामाची नाही’ हा माझा निकाल माझ्या अज्ञानाचा होता, लोकरीचा नव्हता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे : ही लोकर टोचते. टोचतेच. तिची शाल कुणी गळ्यात घेणार नाही. कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, ती तेवढी मऊ. पण टोचणाऱ्या लोकरीला गळ्यातच का घालायचं? तिचं आसन करा, पायपुसणं करा, भिंतीला लावून आवाज अडवा, कुंडीखाली घाला. रासायनिक फोमची जागा जिथे जिथे आहे तिथे ही लोकर बसते. जाड काथ्याला आपण कधी रेशीम नाही म्हणून नावं ठेवली का? त्याचे दोर वळले, पायपोस केले. लोकरीकडून मात्र आपण मेरिनो होण्याची अपेक्षा करतो.

आणि पणाला लागलेली गोष्ट माझ्या छंदापेक्षा मोठी आहे. मेंढरं कातरायला तर लागतातच, पण कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, म्हणून धनगर अनेकदा लोकर रानातच टाकून देतो. मग तो लोकरीची मेंढी सोडून मांसाच्या जातीकडे वळतो. यात त्याची चूक काय? मेंढी गेली की तिच्यामागे कातणारी गेली, सणगराचा माग गेला, पिंजाऱ्याची धनुकली गेली आणि शेवटी ‘जावळ’, ‘जेन’, ‘बुरणूस’ हे शब्दही गेले. मराठीच्या भवितव्यावर आपण गोव्यात पुष्कळ परिसंवाद करतो. शब्द टिकायला ती वस्तू आधी हातात असावी लागते, हे त्यात फारसं कुणी बोलत नाही.

हौशी लोकांनी चार आसनं करून हा धंदा तरणार नाही, एवढं मलाही कळतं. लोकर धुण्याची आणि पिंजण्याची सोय मेंढपाळाच्या जवळ हवी. खरी अडचण त्या मधल्या पायरीची आहे. पण गिऱ्हाईक नसेल तर ती पायरी कुणी बांधणार नाही. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. फेल्टिंगचा छंद लागलाच असेल तर मेरिनोच्या रंगीत पुडीबरोबर किलोभर काळी लोकरही घ्या. घासाघीस न करता घ्या. आणि कुठून आली, कुणी कातरली, हे विचारा.

सौंसरचा तो तुकडा आता माझ्या खुर्चीवर आहे. हे लिहिते आहे ते त्यावरच बसून. पाऊस लागला की त्याला अजून मेंढराचा वास येतो. एका कोपऱ्यात माझे वाकडे टाके आहेत, बाकी सगळे काकूंचे. घरात आलेला प्रत्येक माणूस त्यावर हात फिरवतो आणि विचारतो, ‘‘हें कसलें गो?’’ मग मी सांगायला बसते.