बीडला गेलेली गाडी मोजायची कुठे?

राज्यात १०८ची रुग्णवाहिका सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. तेव्हा गाड्या ९३७, त्यांत २३३ अतिदक्षतेच्या साधनांच्या, ७०४ साध्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर. पैसा सरकारचा, चालवणारा ठेकेदार, रुग्णाला खर्च शून्य. ही रचना वाईट नाही. खोट आहे ती मोजमापात. लाख लोकांमागे एक साधी आणि पाच लाखांमागे एक अतिदक्षतेची गाडी, हा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष. २०११च्या जनगणनेतले सव्वाअकरा कोटी लोक त्या ९३७ गाड्यांत वाटले, तर एक लाख वीस हजारांमागे एक गाडी येते. पण या कागदी सरासरीला बालाघाटाच्या डोंगराची चढण दिसत नाही.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात ग्रामीण रुग्णालय आहे. पण डोक्याला मार लागलेला रुग्ण तिथून १०८च्याच गाडीने बीडला ‘रेफर’ होतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, वाटेत मांजरसुंब्याचा घाट. बीडला रुग्ण उतरवायचा, कागद करायचे, आपला स्ट्रेचर मोकळा होण्याची वाट पाहायची आणि मग परतायचे. तीन तास सहज जातात. अंबाजोगाईच्या मेडिकलला जावे लागले, तर दिवसच मोडला. एवढ्यात डोंगरकिन्हीहून सर्पदंशाचा फोन आला, तर शेजारच्या तालुक्यातून गाडी निघणार. ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोहोचण्याचे उद्दिष्ट तिथेच संपते. हिशेब जिल्ह्याच्या सरासरीने मांडला, तर बीड शहरातल्या दहा मिनिटांच्या फेऱ्या पाटोद्याचा तासभर सहज गिळून टाकतात. म्हणून तालुक्यात किती गाड्या ‘मंजूर’ आहेत, यापेक्षा किती तास तालुका गाडीविना होता, हे मोजावे, आणि ठेकेदाराचे देयकही त्याला बांधावे. रेफरसाठी ग्रामीण रुग्णालयाला वेगळी गाडी, चालक आणि डिझेल द्यावे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. विरळ वस्तीत दुसरी गाडी नुसती उभी राहील, म्हणतील. अग्निशमनचा बंबही बहुतेक वेळ उभाच असतो. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. दुसरे असे, की ऊसतोडीला अर्धा तालुका बाहेर जातो, मग गाडी कुणासाठी? मागे राहतात ते म्हातारेकोतारे आणि लेकरे, ज्यांना तिची गरज जास्त. आणि जे गेले, त्यांची मोजदाद तिकडेही होत नाही. फडाजवळच्या कोपीतून फोन लावणाऱ्याला शिवाराचे नावही धड ठाऊक नसते. जनगणनेच्या आकड्यावर गाड्या वाटणाऱ्या निकषात हा माणूस गावीही नाही आणि कारखान्यावरही नाही. आमदार निधीतून गाड्या येतातच, असेही सांगितले जाते. येतात, फीतही कापली जाते. पण निधी गाडी घेण्यापुरता. चालकाचा पगार आणि टायर दरवर्षी कोण देणार, हा प्रश्न फितीबरोबर तिथेच पडून राहतो.

इंग्लंडमध्ये सर्वांत गंभीर फोनला सरासरी ७ मिनिटांत पोहोचण्याचे बंधन आहे आणि प्रत्येक विभागाचे आकडे दरमहा जाहीर होतात. तिथेही ही वेळ अनेकदा चुकते. पण चुकली हे लोकांना कळते. आपल्याकडे फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, याची नोंद नियंत्रण कक्षात होतेच. ती तालुकावार करून दर महिन्याला तहसील आणि ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर लावायला नवा निधी लागत नाही. पाटोद्यापासून सुरुवात करावी.

— एक वाचक, पाटोदा (जि. बीड)