कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

(द्वितीय वर्ष, कला)

'दिवसभर राबणाऱ्या माणसाला व्यायामाची काय गरज?' हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहजपणे विचारला जातो, की त्याचे उत्तर द्यावे असे कोणालाच वाटत नाही. व्यायाम खुर्चीवर बसणाऱ्यांनी करावा, पोट सुटलेल्यांनी करावा, फार तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी करावा. जो शेतात खपतो, जी डोक्यावरून पाणी वाहते, त्यांचा व्यायाम आपोआपच होतो, अशी आपली ठाम समजूत आहे. माझे म्हणणे असे, की ही समजूत साफ चुकीची आहे आणि तिची किंमत आपल्या घरांतील बायका स्वतःच्या गुडघ्यांनी व कंबरेने मोजत आहेत.

मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. माझे गाव नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या पट्ट्यात आहे आणि माझी आई दुसऱ्यांच्या वावरात रोजाने जाते. लागणीच्या दिवसांत सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाफ्यात ओणवे राहायचे. खुरपणीला उकिडवे बसून एकेक पाऊल पुढे सरकायचे. आमच्या आळीत पंचेचाळिशी ओलांडलेली बाई जमिनीवरून उठताना भिंतीला हात लावते आणि ओट्याची पायरी आडवी होऊन उतरते. याला आमच्याकडे कोणी आजार म्हणत नाही. 'गुडघ्यातलं वंगण संपलं' असे म्हणतात आणि विषय संपतो.

उपाय केले जात नाहीत असे नाही. तिळाचे तेल चोळतात, निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतात, कोणी बिब्बा घालते. त्याने भागले नाही की तालुक्याला जाऊन सुई घेतात आणि गोळ्यांची पट्टी आणतात. शेकाने बरे वाटते, यात शंका नाही. पण दुखणे दबवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडे यांना अपाय होऊ शकतो, हे पट्टीबरोबर कोणी सांगत नाही. सल्ला मात्र ठरलेला मिळतो : 'जड काम करू नका, विश्रांती घ्या.' रोजावर जाणाऱ्या बाईला विश्रांती सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की झिजलेल्या गुडघ्याला नुसती विश्रांती हे औषधच नव्हे.

ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. पाऊल टाकले की थर दाबला जातो, उचलले की सैल होतो, आणि स्पंज पिळून पुन्हा पाण्यात सोडावा तसा द्रव आतबाहेर होतो. म्हणजे सांधा हलला तरच त्याच्या तोंडी घास पडतो. दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची. शरीराचा भार गुडघ्यावर आदळू नये म्हणून झेलणारा हा स्नायू. गुडघा दुखू लागला की माणूस तो पाय वाचवतो. वाचवलेल्या पायाची मांडी बारीक होते, भार झेलणारा दुबळा होतो आणि दुखणे वाढते. दुखते म्हणून हलवायचे नाही आणि हलवत नाही म्हणून अधिक दुखते, असे हे रहाटगाडगे आहे. 'वंगण संपलं' या शब्दांत आपण शरीराला यंत्र समजतो. यंत्र ठेवून दिले तर कमी झिजते. शरीर ठेवून दिले तर लवकर खचते.

येथे कोणी म्हणेल, 'मग कामात पाय हलतोच की!' हाच खरा मुद्दा आहे. खुरपणीत गुडघा तासन्‌तास पूर्ण दुमडलेला राहतो. ज्या कामात सतत उकिडवे बसावे लागते, गुडघे टेकावे लागतात किंवा ओझी उचलावी लागतात, त्या कामातील लोकांत गुडघ्याची झीज अधिक आढळते, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. व्यायामात मोजमाप असते : किती वेळा, किती वजन, मध्ये किती विसावा, पुढच्या आठवड्यात किती वाढ. कामातही मोजमाप असते, पण ते वाफ्यांचे आणि सऱ्यांचे. तिथे गुडघा थकला की थांबता येत नाही; मुकादम थांबवील तेव्हा थांबायचे. व्यायाम शरीरासाठी केलेला असतो आणि कष्ट शरीर खर्चून केलेले असतात. दोन्हींत घाम येतो, एवढ्यावरून दोन्ही एक ठरत नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईला मी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी, म्हणजे भौतिकोपचार, करणाऱ्या एका बाईंकडे नेले. त्यांनी प्रथम तिला चालायला लावले, खुर्चीवरून उठायला आणि बसायला लावले, दोन्ही मांड्या चाचपून पाहिल्या. आम्हाला वाटले होते मोठे यंत्र लावतील. त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि पाच अंक मोजेपर्यंत ती खाली दाबायची. उताणे निजून एक गुडघा दुमडायचा आणि दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश बसायचे. प्रत्येक प्रकार दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काही आठवड्यांनी घोट्याला अर्धा किलो बाजरीची पुरचुंडी बांधून पाय उचलायचा. आणि एक नियम सांगितला : करताना थोडे दुखले तर घाबरायचे नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते वाढीव दुखणे उतरले नाही, तर आकडा कमी करायचा.

वडील म्हणाले, "दिवसभर वावरात राबायचं आन् घरी येऊन कवायत करायची का?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, या वयात शाळेत नाव घातलं का?" पहिल्या आठवड्यात दुखणे वाढले तेव्हा दोघांचेही म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. आईने आकडा दहावरून सहावर आणला, पण सोडले नाही. दोन महिन्यांनी ती भिंतीला हात न लावता जमिनीवरून उठली. आता बाजाराच्या दिवशी एस. टी. थांब्यापर्यंत जाताना ती मध्ये पारावर टेकत नाही. चमत्कार झालेला नाही. लागणीच्या दिवसांत गुडघे आजही ठणकतात, एखादी गोळीही घ्यावी लागते. पण गुडघा तिला चालवत होता, आता ती गुडघ्याला चालवते.

एका बाईच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळते. म्हणून वाचलेले सांगते. अमेरिकेत लष्करी रुग्णालयांतील १५६ गुडघेदुखीच्या रुग्णांची एक तुलना २०२० साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना गुडघ्यात स्टिरॉइडची सुई दिली, निम्म्यांना भौतिकोपचार दिले. वर्षअखेर भौतिकोपचार घेतलेल्यांचे दुखणे कमी होते आणि चालणे-उठणे अधिक सुधारलेले होते. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा व खुबा यांच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम चालतो. त्यात दोन बैठकांत आजार समजावून सांगतात आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बारा वेळा व्यायाम करून घेतात. तो पुढे इतर अनेक देशांनी उचलला. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेने २०२२ साली सांध्याच्या झिजेच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम सुचवावा असे म्हटले आहे. याची मर्यादाही सांगितली पाहिजे. झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही. सर्वांना सारखा गुण येत नाही, आणि व्यायाम सोडला की आलेला गुण ओसरतो. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते म्हणतात. हे दुखणे तर येतेही मुंगीच्या पावलानेच, तेव्हा ते जाताना घाई करील कशाला?

शस्त्रक्रियेचे काय, असे विचारले जाईल. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ साली मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, आणि 'गुडघा बदलणे' हा शब्दप्रयोग खेड्यापर्यंत पोहोचला. २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, ही चांगली गोष्ट झाली. ज्यांचा सांधा पुरता गेला आहे त्यांना ही शस्त्रक्रिया वरदान आहे. पण गुडघा बदलल्यावरही व्यायाम करावाच लागतो. तो केला नाही तर नवा गुडघाही आखडतो. म्हणजे व्यायाम चुकवण्याचा मार्ग लाखभर रुपये मोजूनही मिळत नाही. मग तो आधीच का करू नये?

जे सांध्यांचे तेच हाडांचे. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ याने १८९२ साली मांडले, की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवते. मासिक पाळी थांबल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशा वेळी आपण म्हातारीला 'पडशील, बसून राहा' म्हणतो आणि बसवून तिला अधिक दुबळी करतो. तोल सावरण्याचे व पायांच्या ताकदीचे व्यायाम केल्याने वृद्धांचे पडणे सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, असे २०१९ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात दिसले. मात्र ठिसूळ हाडांच्या माणसाने कंबरेतून जोरात वाकण्याचे प्रकार टाळावेत. सांधा लाल होऊन सुजला असेल, ताप असेल, सकाळी बोटे तासभर आखडत असतील किंवा पायावर एकाएकी भार देता येत नसेल, तर आधी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. संधिवाताचे काही प्रकार असे असतात, की त्यांना वेळेवर औषध न मिळाल्यास सांधे वाकडे होतात. तेथे व्यायाम औषधाच्या जोडीला हवा, औषधाऐवजी नव्हे.

महाराष्ट्राला व्यायाम नवा आहे काय? मुळीच नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम. गावोगाव तालमी आहेत, मल्लखांब आहेत. पण ही परंपरा मुख्यतः धडधाकट तरुणांची राहिली. पन्नाशीच्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईसाठी कोणत्या गावाने तालीम बांधली? पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी आखडलेल्या माणसालाही आसन करता यावे म्हणून दोर, खुर्च्या आणि ठोकळे वापरले. शरीराला व्यायामापुढे झुकवण्याऐवजी व्यायाम शरीराजवळ आणण्याची ती दृष्टी आम्हाला खेड्यात हवी आहे.

ज्ञानही आपल्याच दारात आहे. देशातील भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय १९५० च्या दशकात मुंबईला, महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. तेव्हा निकड होती ती पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांची. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या मुलांसाठी ही विद्या आली तो आजार गेला; पण त्या मुलांच्या पिढीतील कष्टकरी बाया आज पायरी आडव्या होऊन उतरत आहेत आणि ही विद्या अजून बऱ्याचदा शहरातच अडकलेली आहे. आईला एकदा दाखवायचे म्हणजे तिचा रोज बुडाला, माझे तास बुडाले आणि दोघींचे एस. टी. चे भाडे गेले. दर आठवड्याला हे कोणाला परवडेल?

तरीही शेवटची अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. आणि येथे मला मित्रांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. हे व्यायाम वीस मिनिटांचे आहेत. पण चूल, पाणी, भाकरी आणि धुणे यांतून ही वीस मिनिटे बाईला कोण काढून देणार? आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाने सकाळचे पाणी भरायला घेतले तेव्हाच आईची सकाळची पाळी नियमित झाली. आईच्या गुडघ्याचा अर्धा उपचार टॉवेलच्या गुंडाळीत होता, तर अर्धा भावाच्या हातातल्या हंड्यात होता. आईच्या कष्टांवर स्नेहसंमेलनात कविता वाचणाऱ्यांनी एक हंडा उचलावा, असे मी म्हटले तर राग मानू नये.

आपल्या महाविद्यालयाने काय करावे, याविषयी माझी एक साधी सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी खेड्यात जातो, रस्ता दुरुस्त करतो, झाडे लावतो. पुढील शिबिरात एक दिवस भौतिकोपचारतज्ज्ञांना बोलवावे. गावातील ज्या बायाबापड्यांचे गुडघे, कंबर, खांदे दुखतात त्यांना त्यांनी तपासावे, कोणाला काय चालेल ते ठरवावे आणि नंतरचे दोन महिने आठवड्यातून एकदा आपण जाऊन आकडे मोजावेत. आपल्यापैकी निम्मे त्याच खेड्यांतून येतात, त्यामुळे जाण्याचाही वेगळा खर्च नाही. प्राध्यापकवर्गाने मनावर घेतले तर ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी भौतिकोपचारतज्ज्ञ बसावा, असे निवेदन महाविद्यालयाच्या वतीने देता येईल.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. ती पायरी मला चढता यावी म्हणून जिने वाफे लावले, तिला घरच्या ओट्याची पायरी सरळ उतरता येऊ नये, हे मला मान्य नाही. हे दुःख सोसण्याबद्दल आपण आयांचे गोडवे पुष्कळ गायले. आता त्यांना खुर्ची द्या, टॉवेल द्या, दिवसातली वीस मिनिटे द्या, आणि शेजारी बसून एक ते दहा मोजा.