हप्त्यावरचा वेग

२०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गाचे नाव गिनीज बुकात गेले. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर, म्हणजे दोन पदरांच्या हिशेबाने साडेसदतीस किलोमीटर, १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आला. ३ जूनला सुरू झालेले काम अहोरात्र चालून ७ जूनला संपले. सुमारे सातशेवीस माणसे त्यावर राबली. आधीचा विक्रम कतारमधील दोहा शहराच्या नावावर होता, तो आमच्या मूर्तिजापूर तालुक्याने मोडला याचा आनंद मलाही झाला. कारण या रस्त्याने आधीची कित्येक वर्षे वऱ्हाडच्या माणसांची हाडे खिळखिळी केली होती. पाठीचा पट्टा बांधून मी स्वतः त्या रस्त्याने अकोल्याला परीक्षक म्हणून जात असे.

रस्ता गुळगुळीत झाला. मात्र त्या रस्त्यावरून कोण, कशावर बसून आणि किती शिकून जाणार आहे, याचा विचार १०५ तासांत होण्यासारखा नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. आज सायंकाळी बडनेऱ्याच्या पुढे अर्धा तास उभे राहावे. मिसरूडही न फुटलेली पोरे दोनशे-अडीचशे सीसीच्या मोटारसायकलींवर, टाकीवर छाती टेकवून, ट्रकांच्या मधून ‘कट’ मारीत जाताना दिसतील. डोक्यावर काही नाही. मागे एक मित्र, कधी दोन.

हे मी बाहेरून पाहणाऱ्याच्या अधिकाराने लिहीत नाही. अशाच एका गाडीच्या कर्जावर जामीनदार म्हणून माझी सही आहे.

ज्या महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकविले तेथील एका निवृत्त शिपायाचा तो मुलगा. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला, वय एकोणीस. राहणार मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात, शिक्षण अमरावतीत. गावावरून सकाळी जाणारी एसटी बंद झालेली, त्यामुळे महामार्गापर्यंत चार किलोमीटर पायपीट आणि पुढे मिळेल त्या वाहनाने प्रवास. तेव्हा त्याला दुचाकी हवी होती, ही गरज खोटी नव्हती. बाप सोयाबीनचे पैसे घेऊन माझ्याकडे आला. “सर, तुमची सही असली म्हणजे काम होते.” मी सही केली. गाडी कोणती घेता, असे विचारायचे मात्र मला सुचले नाही. तीस वर्षे वर्गात ग्राहकाच्या निवडीचा सिद्धांत शिकविणाऱ्या माणसाला सुचले नाही!

दुकानात काय घडले ते मला नंतर समजले. शंभर सीसीची साधी गाडी पाहायला गेलेल्या बापलेकांना विक्रेत्याने किंमत सांगितलीच नाही, हप्ता सांगितला. साध्या गाडीचा इतका, ‘पॉवरवाल्या’ गाडीचा त्यापेक्षा महिना दोन हजारांनी जास्त. दोन लाखांच्या घरातली वस्तू अशी दोन हजारांच्या फरकात सामावली की कोणत्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा हात साध्या गाडीकडे जाईल? शंभर सीसीच्या गाडीची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास असते. दोनशे सीसीच्या काही गाड्यांत ती पंचवीसपर्यंत जाते. म्हणजे तिप्पट ताकद, आणि चालविणारा तोच, कालपर्यंत सायकलवर बसणारा.

पक्का परवाना मिळून त्याला तीन आठवडे झाले होते. दिवस मावळताना, दुभाजकाच्या फटीतून कापसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आडवा आला. मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही. मुलाने पुढचा ब्रेक सर्व ताकदीनिशी दाबला. अनुभवी माणूस तसे करीत नाही. पण अनुभव ही गोष्ट दुकानात गाडीबरोबर मिळत नसते. गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागला. मागे बसलेला मित्र वाचला, पण त्याला अजून नीट बोलता येत नाही.

ताशी ऐंशी किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. समोरचे संकट डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी एखाद्या चाळीची लांबी ओलांडून गेलेली असते आणि अजून ब्रेक लागायचाच असतो. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. हे आठवी-नववीच्या विज्ञानातले गणित आहे. चारचाकीत बसलेल्याभोवती निदान पत्र्याचे घर असते. दुचाकीवरच्या माणसाचे शरीर हेच त्याच्या गाडीचे बंपर.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातील जवळजवळ पंचेचाळीस. हेल्मेट नसल्यामुळे मेलेल्यांचा आकडा ५०,०२९ असा दिला आहे. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ माणसे गेली. मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के ‘अतिवेगामुळे’ झाले असेही अहवाल म्हणतो. आकडेवारीशी आयुष्यभर संबंध आलेल्या माणसाला या शेवटच्या रकान्याविषयी थोडी शंका घ्यावीशी वाटते. पंचनामा करणाऱ्या हवालदाराच्या दृष्टीने ‘अतिवेग’ हे फार सोयीचे कारण आहे. ते लिहिले की मेलेला माणूसच दोषी ठरतो. दुभाजकाला चुकीच्या जागी फट कोणी ठेवली, ट्रॉलीला दिवा का नव्हता, खेड्यातल्या माणसाला विरुद्ध दिशेने दोन किलोमीटर जावे लागू नये म्हणून सेवा-रस्ता का केला नाही, हे प्रश्न कागदावर येतच नाहीत. वेग दोषी आहेच. पण तो एकटा दोषी नाही.

आता परवान्याची गोष्ट. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘गिअर असलेली मोटारसायकल’ असा एकच वर्ग आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने शंभर सीसीच्या गाडीवर, बहुधा मित्राकडून मागून आणलेल्या, आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखविला की दुसऱ्या दिवशी तो हजार सीसीचे यंत्र घेऊन महामार्गावर जाण्यास कायद्याने मोकळा. २०२१ पासून आपल्या राज्यात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या संगणकावर देण्याची सोय आहे. सोय उत्तम आहे, परंतु उत्तरे कोण देतो हे देवालाच ठाऊक. शिकाऊ परवान्यावर असताना, शिकविणारा परवानाधारक सोडून इतर कोणाला मागे बसवू नये, असा नियम आहे. तो कोणी पाळल्याचे वाचकांपैकी एकाने तरी पाहिले असेल तर मला पत्राने कळवावे.

युरोपातील देशांनी २०१३ पासून यासाठी पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीला १२५ सीसी आणि सुमारे पंधरा अश्वशक्ती. दुसरीला सुमारे सत्तेचाळीस. त्या पायरीवर दोन वर्षे काढल्यावर मगच कितीही ताकदीची गाडी. मधल्या पायऱ्या गाळायच्या असतील तर वयाची चोविशी गाठावी लागते. आणि परीक्षा त्या त्या पायरीच्या गाडीवरच द्यायची. यात परकीय असे काही नाही. आमच्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. तेथे मल्लखांब शिकायला आलेल्या पोराला पहिल्या दिवशी कोणी दोरीच्या मल्लखांबावर उलटे टांगीत नाही. आधी दंड, बैठका, साधी अढी, आणि प्रत्येक वेळी खाली वस्तादाचे दोन हात. धाडस आमच्या पोरांत पूर्वीही होते. फक्त तेव्हा ते शिकविणारा कोणीतरी असे. आता ते विकणारा आहे.

आमच्या पिढीच्या तरुणपणी स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या टंचाईचे समर्थन मी करणार नाही. तिच्यात काळाबाजार पोसला गेला आणि सामान्य माणूस सायकल रेटीत राहिला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या. शिक्षक, तलाठी, दूधवाला, कृषी सहायक यांना त्यांनी खरोखर पाय दिले, हे मान्य केलेच पाहिजे. पुढे या शतकाच्या आरंभापासून मात्र माल बदलला. पोहोचणे विकून भागेना तेव्हा जोर विकायला काढला. जाहिरातीत गाडी हवेत उडते आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘हे प्रयोग तज्ज्ञांनी केले आहेत, अनुकरण करू नये’ असे लिहिलेले असते. जी गोष्ट अनुकरण करू नये ती दाखवायची कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आता तर मुलेच एकमेकांचे तसे चित्रीकरण करतात. कंपनीला जाहिरातीचाही खर्च उरलेला नाही.

दुसरीकडे सार्वजनिक वाहतुकीची काय गत झाली? मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी आमची ‘शकुंतला’, ती अरुंद रुळांची गरिबांची गाडी, बंद पडली. तिच्या रुळांत गवत वाढले आहे. एसटीचा १९४८ पासूनचा संसार २०२१-२२ च्या दीर्घ संपानंतर आणखी खिळखिळा झाला. अठरा हजारांच्या आसपास असलेल्या बसगाड्या पंधरा हजारांच्याही खाली आल्या, आणि पहिली कुऱ्हाड पडली ती आडगावच्या फेऱ्यांवर. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे जेथे बस जाते तेथे मुली बसने जातात. मुलगे फटफटीवर. एका घरातली दोन भावंडे एकाच गावाहून एकाच महाविद्यालयात अशी दोन वेगवेगळ्या धोक्यांतून येतात.

पदवी घेऊन घरी बसलेल्या, लग्न न जमणाऱ्या, बापाच्या पाच एकरांत ज्याच्या मताला किंमत नाही अशा मुलाच्या हाती एकच गोष्ट अशी येते की जी त्याच्या मनगटाच्या एका पिळाबरोबर आज्ञा पाळते. त्याला नुसते ‘टवाळ’ म्हणणे सोपे आहे. मला ते जमत नाही.

शासनाचे धोरणही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. हेल्मेटवरील कर १८ टक्केच होता आणि तेवढाच राहिला. म्हणजे डोके फोडण्याचे साधन आणि डोके वाचविण्याचे साधन आता एका पंगतीत बसले आहेत. नफा कारखानदाराचा, व्याज वित्तसंस्थेचे, कर सरकारचा. आणि मेंदूला मार लागलेल्या पोराला रुग्णवाहिकेत घालून नागपूरपर्यंत दीडशे किलोमीटर नेण्याचा खर्च बापाचा. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. वर्गात मी याचे उदाहरण म्हणून कारखान्याचा धूर सांगत असे.

२०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालविल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजारांचा दंड ठेवला आहे. त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. कायदा कडक आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले तेव्हा पहिल्या काही तासांत त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला होता, हे आपण विसरलेलो नाही. लोक खवळले म्हणून पुढची चक्रे फिरली. शिपायाच्या पोरासाठी कोण खवळणार?

कार्यकर्ते मित्र म्हणतील, हेल्मेटची सक्ती म्हणजे गरिबाच्या खिशात पोलिसाचा हात. दंडवसुली कशी चालते हे मला माहीत आहे, आणि कॅमेऱ्याने फोटो काढून घरी पावती पाठविली म्हणजे सुरक्षितता आली असे मी मानीत नाही. परंतु मरणाऱ्यांत सर्वाधिक संख्या गरीब आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय मुलांची असताना आपण सक्तीला विरोध करून थांबावे, हे मला पटत नाही. पायऱ्यापायऱ्यांच्या परवान्याची मागणी आपण का करू नये? हप्ता सांगण्यापूर्वी एकूण किंमत व्याजासह लेखी देण्याची सक्ती, ट्रॉलीला दिवा, मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगाव मंजू येथे महामार्गालगत सलग सेवा-रस्ता, सकाळ-संध्याकाळच्या एसटी फेऱ्या, या मागण्या घेऊन विभाग नियंत्रकाच्या दारात बसायला कोणाची हरकत आहे?

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. गेल्या निवडणुकीत सर्वच पक्षांनी मोटारसायकल फेऱ्या काढल्या, आपणही काढली. मी त्या दिवशी राजकमल चौकात उभा होतो. एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात अ‍ॅक्सिलरेटर, डोक्यावर पक्षाची टोपी. पुढच्या गाडीवरचा मुलगा सतराचा तरी होता की नाही याची मला शंका आहे. पेट्रोलचे पैसे आपल्याच तालुका समितीने दिले होते. पुढील बैठकीत हा विषय मी लेखी मांडणार आहे. फेरी पायी काढावी, आणि दूरच्या गावांहून येणाऱ्यांसाठी एसटीची गाडी भाड्याने घ्यावी.

त्या मुलाची मोडकी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पडून आहे. बापाला हप्ते झेपत नाहीत, म्हणून दिवाळीपासून ते मी भरतो. अजून चौदा राहिले आहेत.