तुटलेल्या बोटांचा रकाना ऐच्छिक का?

खासगी क्षेत्रातल्या आरक्षणावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. पण खासगी कंपन्या आपल्या मनुष्यबळाबद्दल दरवर्षी स्वतःच्या सहीने जे लिहून देतात, ते वाचणारे कार्यकर्ते मला फारसे भेटत नाहीत. सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांसाठी एक अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून तो सक्तीचा केला. बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, म्हणजे बीआरएसआर. पर्यावरणवाले त्यात कार्बन आणि पाणी शोधतात. आपण दुसरे काहीतरी शोधले पाहिजे. अपंग कर्मचारी किती, अपंग कामगार किती, त्यात स्त्रिया किती, कायम किती आणि कायम नसलेले किती, हे सगळे त्यात विचारलेले आहे. इमारत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे वावरण्याजोगी आहे का आणि समान संधी धोरण आहे का, हेही विचारलेले आहे.

कायद्याच्या इंग्रजी नावात ‘अपंगत्व असलेल्या व्यक्ती’ असा साधा शब्दप्रयोग आहे. सेबीच्या फॉर्ममध्ये मात्र ‘वेगळ्या क्षमतेचे’. २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ शब्द आला तेव्हाही मला असेच खटकले होते. गोड नाव देऊन हक्काचा प्रश्न दयेवर ढकलण्याची रीत आपल्या समाजाला नवीन नाही. १९३८ मध्ये ‘हरिजन’ या शब्दाला विरोध करत बाबासाहेब मुंबई विधिमंडळातून सभात्याग करून बाहेर पडले होते. असो. मुद्दा नावाचा नाही, रकान्यांचा आहे.

या अहवालात प्रश्नांचे दोन गट आहेत. एक अत्यावश्यक, दुसरा ‘नेतृत्वा’चा, म्हणजे ऐच्छिक. वर्षभरात किती कामगारांना गंभीर दुखापत झाली, हा प्रश्न अत्यावश्यक गटात आहे. पण त्या जखमींपैकी किती जणांचे पुनर्वसन करून त्यांना योग्य काम दिले, हा प्रश्न ऐच्छिक आहे. कामावर अपंग झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे सांगितले तर कंपनी थोर, नाही सांगितले तरी नियम मोडत नाही. बाहेरून किती अपंग घेतले हे सांगणे भाग आहे. आपल्याच शेडमध्ये जे अपंग झाले, त्यांचे काय केले हे सांगणे मर्जीवर.

आता हे जालन्यात आणून पाहू. ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणतात. आजचे जालना बियाण्यांचे आणि लोखंडी सळईचे. एमआयडीसीत भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. भट्टीजवळ, लाल सळईजवळ उभे असतात ते बहुतेक कंत्राटी मजूर, काही परराज्यांतले, काही आपल्याच वस्त्यांतले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वीसच्या आसपास कामगार जखमी झाले. बातमी दोन दिवस चालली. त्यातले किती जण पुन्हा कामावर उभे राहू शकले, ही बातमी कोणी केली नाही. वस्तीत फिरताना बोटे गेलेले, पाय भाजलेले लोक मला भेटतात. कुणी टपरीवर बसतो, कुणी रात्रीची राखण करतो. त्यांच्या बोलण्यात ‘ठेकेदाराने दवाखान्याचा खर्च केला’ हेच शेवटचे वाक्य असते.

या मिलपैकी बहुतेकांची शेअर बाजारात नोंद नाही. म्हणजे बीआरएसआर त्यांना लागूच नाही. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असे सेबीने २०२३ मध्ये पहिल्या २५० कंपन्यांसाठी ठरवले होते. तसे झाले असते तर सळई विकत घेणाऱ्या बड्या बांधकाम कंपनीला निदान आपल्या मोठ्या पुरवठादारांकडे तरी विचारावे लागले असते. पण उद्योगांची कुरकुर सुरू झाली, मुदत पुढे गेली आणि शेवटी तेही ऐच्छिक झाले.

मग २०१६ च्या कायद्याचे काय? नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढता येणार नाही, हे संरक्षण कलम २० मध्ये आहे, पण फक्त सरकारी आस्थापनांसाठी. ४ टक्के आरक्षण सरकारी. खासगीसाठी कलम ३५: सरकारने सवलती द्याव्यात, म्हणजे ५ टक्के अपंग कामावर येतील. सक्ती नाही. शिवाय हे लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांनाच. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची २० टक्के हानी धरली होती, अंगठा गेला तर ३०. दोन्ही मोजमापे वेगळी आहेत हे खरे, पण वर्कशॉपमध्ये दोन बोटे गमावलेला माणूस प्रमाणपत्राच्या खिडकीवरही बहुधा ४० पर्यंत पोहोचत नाही. एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी हा हिशेबही सांगितला पाहिजे.

आणि जात? २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये २.४५. जोखमीचे काम, अपुरे पोषण, दूरचा दवाखाना यांची जातवार वाटणी झालेली आहे, म्हणून हा फरक. पण बीआरएसआरच्या मनुष्यबळाच्या तक्त्यात लिंग आहे, अपंगत्व आहे, जातीचा रकाना नाही. वंचित घटक येतात ते सीएसआरच्या पानावर, किती टक्के ‘लाभार्थी’ म्हणून. आपण लाभार्थी म्हणून मोजले जातो, कामगार म्हणून नाही. म्हणून अपंग समावेशनाचे आकडे वाढले तरी पुण्या-मुंबईच्या कार्यालयात इंग्रजी बोलणाऱ्या अपंग पदवीधराला जागा मिळेल आणि मिलमधला आपला माणूस बाहेरच राहील, ही भीती मला अवाजवी वाटत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकर खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात तो प्रश्न पुढे आणला. कोणत्या खात्यात कोण उभा आहे, हे विचारल्याशिवाय कामगारांची एकजूट पुरी होत नाही, ही त्यांची भूमिका होती.

आपले काही मित्र म्हणतील, हे भांडवलदारांचे कागद, त्यात काय अर्थ? कागद भांडवलदारांचेच आहेत. पण १९३८ मध्ये मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत असे सांगणारे बाबासाहेबच पुढे १९४२ ते ४६ मजूरमंत्री म्हणून कायद्याच्या कलमाकलमावर झटले. कामगार विमा योजनेचा अदारकर अहवाल १९४४ मध्ये त्यांच्याच खात्याकडे आला.

तेव्हा जालन्याच्या कार्यकर्त्यांसाठी एक काम. २०१६ च्या कायद्याचे कलम २१ शेअर बाजार बघत नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची आहे. २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने संपर्क अधिकारीही नेमायचा आहे. तरतूद मोडली तर पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे ५० हजार ते ५ लाख. जालना जिल्ह्यातल्या किती खासगी आस्थापनांनी हे धोरण नोंदवले, त्यांची यादी आणि प्रती द्या, एवढाच माहिती अधिकाराचा अर्ज पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे करायचा. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. उत्तर येईल तेव्हा ते घेऊन आधी मिलच्या गेटवर जायचे, मग कामगार आयुक्तांकडे.

जय भीम.