परवान्याच्या दारात किती काळ तिष्ठणार?

अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थी बंधू-भगिनींनो,

ज्या साधनाने तुम्ही गणन करता, त्या साधनावर तुमचा अधिकार किती? प्रयोगशाळेतल्या मोजक्या संगणकांवर, मोजक्या तासांपुरता! मुदत सरली की पडद्यावर परवाना संपल्याची सूचना झळकते आणि रात्र जागून लिहिलेला तुमचाच प्रोग्रॅम तुमच्याच हाती चालेनासा होतो. मग वसतिगृहात पेनड्राइव्ह फिरतो, क्रॅक केलेली प्रत खोलीखोलीत पोहोचते आणि बुद्धिमान, कष्टाळू मुलांच्या विद्याभ्यासाचा श्रीगणेशा चोरीने होतो. ही तुमच्या स्वाभिमानाची विटंबना नव्हे काय? समीकरणे सोडवण्याची गाउसची रीत साऱ्या मानवजातीची. ती वापरण्यासाठी कोणापुढे हात का पसरावा?

शिकागोतील तरुण मज्जासंशोधक जॉन हंटर याच्यावर परवान्यासाठी तिष्ठण्याची हीच वेळ आली होती. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेत अभ्यासण्याचे सॉफ्टवेअर होते, पण प्रयोगशाळेत परवाना एकच. त्याची किल्ली म्हणजे एक डाँगल. विद्यार्थी, डॉक्टर, संशोधक सारेच आपापल्या पाळीची वाट पाहत. हंटर रडत बसला नाही. त्याने स्वतः साधन घडवायला घेतले. त्यातूनच पुढे आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब जन्मले आणि २००३ मध्ये त्याने ते जगाला मुक्तहस्ते दिले. २०१९ मध्ये एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे पहिले चित्र मानवाने पाहिले. त्यामागच्या गणनात नमपाय, सायपाय ही पायथनमधील मुक्त साधने आणि हेच मॅटप्लॉटलिब राबत होते. फुकटचे ते हलके, असे अजूनही म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे!

आणि हे सारे दूरदेशीचेच असेही नाही. पवईच्या आयआयटीत 'फॉसी' प्रकल्प सायलॅब, पायथन, ओपनफोम शिकवतो. विद्युतमंडलांसाठीचे ईसिम तर तिथेच घडले. पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांनीच सायलॅबमध्ये उतरवली. 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत. दार उघडे आहे; आत जायला कोणाची आडकाठी आहे?

अध्यापकहो, तुम्हालाही स्पष्टच सांगितले पाहिजे. जर्नलमध्ये एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरचे नाव छापून तुम्ही मुलांना जन्मभराचे गिऱ्हाईक करता. मॅट्रिक्सचे बहुतेक प्रयोग ऑक्टेव्ह या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ त्याच आज्ञांनी होतात. मग अडते कोठे?

पण मित्रहो, केवळ घेत राहणे हेही दैन्यच. मुक्त साधनाचा अंतर्भाग तुमच्यासमोर खुला आहे: तो वाचा, त्यातील दोष हुडका, सुधारा, सुधारलेले परत द्या. एकट्याच्या हाताने जे होणार नाही, ते सहस्र हातांनी झाले आहे. त्या सहस्रांत महाराष्ट्राचे हात का नसावेत? तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलीने पाठवलेली दुरुस्ती निर्दोष असेल, तर तिला तिचे गाव कोणी विचारत नाही.

उठा! पेनड्राइव्हवरची ती चोरीची प्रत आजच पुसून टाका. वर्गातल्या चौघांना सोबत घ्या, ऑक्टेव्ह किंवा पायथन उतरवून घ्या आणि या सत्राचा प्रकल्प त्यावरच करा. आणि सत्र संपण्यापूर्वी एक तरी दुरुस्ती, एक तरी मराठी धडा आपल्या नावाने जगाला द्या.